पत्रकाची मागची बाजू

अक्का,

परवा शाळेच्या व्हरांड्यात तुमची शोकसभा झाली. दर अमावस्येला आपण जिथं जमत होतो, तिथंच. सतरंजी कमी पडली म्हणून बायका पायऱ्यांवर बसल्या. तुमचे यजमान आण्णा खुर्चीत बसले होते, मांडीवर टोपी ठेवून. आमच्या मुख्याध्यापकांनी चांगलं भाषण केलं. शेवटी ते म्हणाले, "चंद्राक्कांच्या हातांना जो त्रास झाला, तो त्या गवतामुळे. पण त्या वेळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. आण्णांनी हलवली. मीही हलवली.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. कुणालाच ठाऊक नव्हतं हे खरं नाही, अक्का. एका कागदावर ते छापलेलं होतं आणि तो कागद माझ्या पिशवीत होता. हे तुम्हाला सांगायचं होतं. सांगायला मला सात वर्षं मिळाली.

आमच्या घरात अक्षर ओळखणारं मी पहिलंच माणूस. मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही आमच्या वाड्यावर आलात. मेंढरांच्या वाड्यावर, लेंड्यांतून पाय उचलत. आबांना म्हणालात, "मल्लू, पोरीला कोल्हापूरला धाड."

आबा म्हणाले, "अक्का, धनगराची पोर कालिजात जाऊन काय करंल?"

"मेंढरं वळंल की. चार बुकं वाचून वळंल. तुझं काय जातंय?"

आबा हसले आणि हसले म्हणजे हरले. मंगळवार पेठेत तुमच्या मावसबहिणीच्या माडीवर मी कॉलेज संपेपर्यंत राहिले. तुम्ही एस.टी.च्या कंडक्टरबरोबर भाकऱ्यांचं गाठोडं पाठवत होतात, आणि वर तोंडी निरोप, "शालनला म्हणावं, अभ्यास कर, वाळू नको." कंडक्टर तो निरोप भर स्टँडवर ओरडून देत असे. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, गावच्याच शाळेत बाई म्हणून लागले. त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात आणि मला पाटावर बसवून, "बाई, आता आमास्नी बी शिकवा," म्हणालात. चेष्टेनं म्हणालात. पण मला ते खरं वाटलं. मला वाटलं, आता मला सगळं येतं.

त्याच सुमारास शिरोलीकडे कारखाने वाढत होते. आपल्या माळाला लागून ट्रकांचा रस्ता झाला आणि त्या रस्त्याच्या कडेनं ते गवत आलं. बारीक पांढरी फुलं, पानं गाजरासारखी. पहिल्या वर्षी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी ते मारवेलीच्या गवतात घुसलं. तिसऱ्या वर्षी आबा मेंढरं घेऊन माळावर गेले आणि दुपारीच परत आले. "त्वांड लावीनात," एवढंच बोलले. त्या माळावर आमच्या चार पिढ्यांनी मेंढरं चारली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एक रोप उपटून माझ्याकडे घेऊन आलात. तुमचा माळाशी काय संबंध होता, असं लोक नंतर विचारायचे. तुमची जमीन नदीकाठची, उसाची. पण लहानपणी तुम्ही त्या माळावर चंडोलाची घरटी बघत हिंडला होतात, आणि गवताच्या बुडाशी असलेलं घरटं पायाखाली येऊ नये म्हणून अजूनही तिथं खाली बघून चालत होतात.

"शाले, तू झाडांचं शिकलीस न्हवं? ह्ये काय हाय सांग."

मला सांगता येईना. मी रोप वहीत घालून कोल्हापूरला गेले. आमच्या सरांनी बघताच सांगितलं, हे गाजर गवत, परदेशातून आलंय, फुलायच्या आधी मुळासकट काढा, नाहीतर एकेका झाडाचं हजारो बी पडतं. तास सुरू होत होता. त्यांनी टेबलावरचं एक छापील पत्रक माझ्या हातात दिलं, "यात सगळं आहे." परत येताना एस.टी.त मी ते वाचलं. म्हणजे समोरची बाजू वाचली. चित्र होतं, नाव होतं, कधी उपटायचं ते होतं. मला हवं ते मिळालं होतं. मी घडी घालून पत्रक पिशवीत ठेवलं.

आणि मग तो दिवस. पहिली अमावस्या. अमावस्येला आपल्याकडे बैल जुंपत नाहीत, बायकांना शेतात काम नसतं, म्हणून तो दिवस तुम्हीच ठरवलात. बांगड्यावाल्या हलीमाभाभी म्हणाल्या, "अक्का, आवसंला कुणी चांगलं काम सुरू करतंय व्हय?" तुम्ही म्हणालात, "आपण कुठं लगीन लावाय निघालोय? काढायचंच काम हाय. काढाय आवसच बरी."

अकरा बायका होत्या. तुम्ही माळावर उभ्या राहून मला विचारलंत, "हातानं धरलं तर चालतंय न्हवं, शाले?"

मी म्हणाले, "चालतंय की, अक्का. गाजराच्या पाल्यासारखं तर आहे."

एवढंच. दोन वाक्यं. त्यावर तुम्ही पदर खोचलात आणि खाली बसलात.

बाकीच्या बायकांनी खुरपी आणली होती. तुम्ही आणली नव्हती. पावसाळ्यात जमीन खणायची नाही, हा तुमच्या जैन धर्माचा आणि तुमचा नियम. "पावसुळ्यात भुई जिवंत असत्या, पोरी. एका घावात किती जीव जात असतील." तुम्ही रोपाच्या बुडाशी बोटांनी माती मोकळी करायचात, गांडूळ निघालं तर चिमटीत उचलून बाजूला ठेवायचात, दोन्ही हातांनी रोप धरायचात आणि सरळ वर ओढायचात. एका बाईची दहा रोपं होईपर्यंत तुमची तीन व्हायची. बायका चिडवायच्या, "अक्का आज काय मुहूर्त काढून उपटायल्यात!" पण महिन्यानं बघितलं तर खुरप्यानं कापलेल्या जागी बुडखे फुटून आले होते, आणि तुमचा तुकडा स्वच्छ होता. त्यानंतर सगळ्याच हातानं उपटायला लागल्या.

मी एकदा तुम्हाला अडवलं होतं. "गांडुळाला जीव आहे, आणि गवताला नाही व्हय, अक्का?"

"हाय की."

"मग?"

"मग काय? माफी मागूनच उपटतो." आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखं तुम्ही 'मी येतो, मी करतो' असंच म्हणायचात. "तुला ऐकू येत न्हाय ते येगळं. शिकल्याली माणसं मोठ्यानं बोलल्यालंच ऐकत्यात."

पहिल्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुमच्या बोटांना खाज सुटली. मग मनगटांना. मग कातडी जाड झाली, भेगा पडल्या, भेगांतून पाणी येऊ लागलं. मानेवर, डोळ्यांच्या कडांना चट्टे आले. आपण दोघी कोल्हापूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, शेतात नवीन काय हाताळता? मी गवताचं नाव सांगितलं. ते म्हणाले, सगळ्यांना होत नाही, काहींना होतं, आणि ज्यांना होतं त्यांचं पुरतं जात नाही. येताना एस.टी.त तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग म्हणालात, "बाकीच्या धा जणीस्नी काय झालं न्हाय न्हवं? बरं झालं."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी ट्रंकेत कागद घालत होते. जुने कागद काढताना ते पत्रक हातात आलं. मी ते उलटं केलं. का केलं माहीत नाही, ट्रंकेत पालथं बसावं म्हणून असेल. मागच्या बाजूला चार-पाच ओळी होत्या. उपटताना हाताला कापड बांधावं, काहींच्या कातडीला हे गवत सोसत नाही, असं त्यात साध्या मराठीत लिहिलं होतं. पहिलीतलं पोर वाचेल अशा मोठ्या अक्षरांत.

मी दार लावून घेतलं आणि खाली बसले.

पुढच्या अमावस्येला मी जुन्या लुगड्यांची फडकी घेऊन आले. तुम्ही विचारलंत, "ह्ये कशाला गं?" मी म्हणाले, "हात खराब होतात, अक्का. सगळ्यांनी बांधायची." तुम्ही आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरलेत. "माझं तर झालंच हाईत. मला कशाला? दुसरीला दे." आणि हसलात. बायका हसल्या. मीही हसले, अक्का. तो माझा हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग मी तुमच्या हातांना जबरदस्तीनं फडकी बांधली. डॉक्टरांनी माळावर जायचंच नाही म्हणून सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. त्यावरून आपली कितीदा भांडणं झाली. मी म्हणत होते, जयसिंगपुरात दुकानात तणनाशक मिळतं, फवारू, एका दिवसात माळ मोकळा होईल, तुम्हाला हात लावायला नको. तुम्ही म्हणायचात, "गवात जाईल, आन त्यावरचा किडा? किड्यावरचं पाखरू?" मी म्हणायचे, हातानं हे कधीच संपणार नाही, रस्त्यानं दर वर्षी नवं येतंय. "संपाय कशाला पायजे? घर रोज झाडतीस, कचरा संपला व्हय कधी?" अक्का, या भांडणात तुम्ही पूर्ण बरोबर होतात असं मला आजही वाटत नाही. फवारलं असतं तर तुमचे हात तरी सुटले असते. पण मी त्या भांडणात जोर लावला तो किड्यांसाठी नव्हता आणि माळासाठीही नव्हता. माझी चूक लवकर नजरेआड व्हावी म्हणून होता. म्हणूनच बहुधा मी दर वेळी हरत गेले.

हलीमाभाभी तुम्हाला पंचवीस वर्षं बांगड्या भरत आल्या. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई भरायच्या. त्या वर्षी तुमच्या पुतण्याच्या लग्नाला त्यांनी हिरव्या बांगड्या आणल्या, आणि तुमच्या हातावरून एकही बांगडी जाईना. त्यांनी साबण लावला, तेल लावलं. भेगेतून रक्त आलं तसा त्यांनी तुमचा हात खाली ठेवला. मी तिथंच चहा पीत होते. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एवढी शिकली ही पोरगी, हिला ठावं न्हवतं व्हय?"

मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "तिच्या बुकात न्हवतंच ते, हलीमा. नसलेलं कुठनं वाचंल?"

मी कप खाली ठेवला आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठले. तो रविवार होता.

आणि पुढच्या वर्षीचा चातुर्मास. पहिल्यांदाच एक मुनिमहाराज आपल्या गावात चार महिने राहायला आले. तुमच्या लग्नापासून तुम्ही या दिवसाची वाट बघत होतात, हे तुमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. आणि कोणत्या घरासमोर थांबतील ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. घरोघरच्या बायका आंघोळ करून, शुद्ध वस्त्रं नेसून, हातात कलश घेऊन दारात उभ्या राहतात. तुम्ही दोन महिने आधी भांडी घासून ठेवली होती. पण वाहत्या जखमेच्या हातानं आहार देत नाहीत. हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही, तुम्हीच सांगितलंत.

त्या सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. महाराज चार घरं ओलांडून आले आणि तुमच्याच दारात थांबले. तुमच्या धाकट्या जाऊबाई कलश घेऊन पुढे होत्या. "नमोस्तु महाराज, नमोस्तु," त्या म्हणाल्या. तुम्ही समोरच्या गोठ्याच्या कट्ट्यावर बसला होतात. दोन्ही हात पदराखाली. तिथून दाराच्या आतलं काही दिसत नव्हतं.

आहार झाला, महाराज गेले, गल्ली मोकळी झाली. तुम्ही मला हाक मारलीत. "बघितलंस न्हवं? आमच्या दारात थांबलं. नशीब लागतंय, पोरी." तुमचा चेहरा आनंदानं फुलला होता. मी काय बघत होते ते तुम्हाला कसं सांगू? मी कलश धरलेले हात बघत होते, आणि ते तुमचे नव्हते.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला वाटलं, तुमचा आनंद मोडेल. खरं कारण तेवढंच नव्हतं. तुम्ही मला पाटावर बसवलं होतं, गावासमोर 'आमची बाई' म्हणत होतात. त्या पाटावरून मला उतरायचं नव्हतं.

तुमचं पर्युषण संपलं की दर वर्षी तुम्ही घरोघर जाऊन क्षमा मागायचात. जैनांच्या घरी जायचात तशाच आमच्याही घरी यायचात, हलीमाभाभींकडेही जायचात. उंबऱ्याशी उभं राहून हात जोडायचात. "वर्सभरात माझ्याकडनं काय दुखावलं असंल तर क्षमा कर, मल्लू. क्षमा कर, शाले." आबा दर वर्षी अवघडून म्हणायचे, "अक्का, तुमी कशाला हात जोडताय?" आणि मी, ते भेगाळलेले हात माझ्यासमोर जोडलेले असताना, म्हणायचे, "तुमचं काय चुकणार, अक्का?" तुम्ही थोडा वेळ थांबायचात. त्या थांबण्यात माझ्यासाठी जागा होती का? की तुम्ही नुसत्याच दम घेत होतात? सात वर्षं मी त्या जागेत एक शब्द घातला नाही. चहा ठेवू का, एवढंच विचारलं.

या वर्षी श्रावणात तुम्ही गेलात. पर्युषण आलं आणि संपलं. आमच्या उंबऱ्याशी कुणी आलं नाही. आबा संध्याकाळपर्यंत दारातच बसून होते. मला म्हणाले, "औंदा कुणी माफी मागितली न्हाय बघ."

आज अमावस्या होती. श्रावणातल्या अमावस्येला कुणी माळावर गेलं नव्हतं; तुमच्याशिवायची ही पहिली. सभेत मी मान हलवून दोन दिवस झाले होते. माळावर पंधरा-सोळा जणी होत्या. तुमच्या जाऊबाई आल्या होत्या, हलीमाभाभी आल्या होत्या, वरच्या गल्लीतल्या घराची नवी सून पहिल्यांदाच आली होती. मी म्हणाले, कामाला लागायच्या आधी मला सांगायचं आहे. आणि सांगितलं. एस.टी.त वाचलेली बाजू आणि न वाचलेली बाजू. ट्रंक. फडकी आणताना बोललेलं खोटं. "तिच्या बुकात नव्हतंच ते," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी गप्प राहिले, तेही.

तुमच्या जाऊबाई तोंडाला पदर लावून लांब जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्यामागे गेले नाही. मला तो हक्क नव्हता.

हलीमाभाभी माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, त्या मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सात वर्सं," त्या म्हणाल्या. "सात वर्सं माझ्या हातचा चा पिलीस."

"भाभी, मला माफ..."

"मी माफ करणारी कोण? मी काय अक्का हाय व्हय? जिनं करायचं ती गेली. आता ते तुला मिळायचं न्हाय." त्यांनी नव्या सुनेकडे बोट केलं. "आन हितनं पळून बी जायचं न्हाय. हितं नवी बाई आली की पैलं तू तिला ह्येच सांगायचं. तुझ्या तोंडानं. कापड बांध म्हणायचं आन का बांध ते बी सांगायचं. कुणी आजारी पडली, कुणामुळं पडली, सगळं. मास्तरणीसारखं न्हाय सांगायचं. जसं झालं तसं."

मग त्या खाली बसल्या आणि उपटायला लागल्या. खुरपं न घेता, आधी बोटांनी माती मोकळी करून. एकेक करून बाकीच्या बसल्या. बऱ्याच वेळानं तुमच्या जाऊबाईही आल्या, माझ्यापासून लांबच्या टोकाला बसल्या.

अक्का, तुम्ही मला क्षमा केली असतीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच ते गृहीत धरायची मला लाज वाटते. तुमची क्षमा मला तुमच्या तोंडून घ्यायची होती आणि ती वेळ मी दर वर्षी चहा ठेवण्यात घालवली. तुम्ही मला शिकवलंत, गावाबाहेर काढलंत, परत आल्यावर मान दिलात. त्या बदल्यात मी तुम्हाला एक न वाचलेला कागद दिला. आता यात काही बदल होणार नाही.

नवी सून माझ्या शेजारी बसली होती. तिला माझं बोलणं अर्धंच कळलं असावं. तिनं तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं. तिनं हातांना फडकी बांधून घेतली, एक रोप धरलं, आणि ओढायच्या आधी मला विचारलं, "बाई, त्या अक्का कोण होत्या?"

मी सुरुवातीपासून सांगायला लागले.